गोमती नगरातून तळं चोरीला जातं

नरहर खांबेटे यांच्या मते लखनौत बघण्यासारख्या गोष्टी दोनच. एक इमामबाड्यातला भुलभुलैया आणि दुसरे ते स्वतः. "तिथे माणसं हरवतात, मी हुडकून काढतो," असं ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून सांगत. आजवर हुडकलेल्या वस्तूंत त्यांचाच चष्मा दोनदा होता, हे त्यांचा मदतनीस विनय कुणाला सांगत नसे. तो बँकेत त्यांच्या हाताखाली होता. सवय सुटत नाही.

रविवारी सकाळी विनयला चहा सांगायला पिटाळून नरहररावांनी बागेच्या फाटकाशी स्कूटर लावली. चहा पिऊन दोघं आत आले, तर अनघाताई कपाळाला हात लावून उभ्या. ताई पक्ष्यांच्या अभ्यासक. मराठी मंडळाच्या मुलांना त्या स्थलांतराचा खेळ शिकवत. मुलं म्हणजे पक्षी, अंथरलेली निळी प्लॅस्टिकं म्हणजे तळी. शिटी वाजली की धावत पुढच्या तळ्यावर उतरायचं. दर फेरीला एक तळं कमी होई. जागा न मिळालेला पक्षी मेला.

आज शेवटचं, सगळ्यात मोठं तळंच गायब होतं. नऊ वर्षांच्या सावनीने चार दिवस खपून त्यावर कमळं रंगवली होती. बिचारी वर्षभर पहिल्याच फेरीत मरत आली होती. मंगळवारी बाबांच्या बदलीमुळे त्यांचं बिऱ्हाड नागपूरला हलणार होतं. आज एकदा तरी तिला जिवंत पोहोचायचं होतं, तेही स्वतःच्या तळ्यावर.

"रडू नकोस, बेटा," विनय म्हणाला.

"रो नहीं रही," नाक पुसत ती म्हणाली. विनयलाच गलबलून आलं.

नरहररावांनी वही काढली. "बारा बाय पंधराचं तळं. घडी घातली की उशी. म्हणजे चोराला झोप येते."

झोपलेल्या चौकीदाराला उठवलं. डोक्याखाली डबा निघाला.

मग मुलांतल्या सुश्रुतवर संशय गेला, कारण त्याचा शर्ट निळा होता. त्याची आई जवळच उभी असल्यामुळे तो लगेच फिटला.

शेवटी फाटकाशी मातीत चाकाचा माग सापडला. नरहरराव गुडघ्यांवर बसले. "चोर दुचाकीवर आला. मागचं टायर पार गुळगुळीत. माणूस चिक्कू आणि बेफिकीर, विनय."

विनय सहा महिने कुणालातरी मागचं टायर बदला म्हणून विनवत होता, पण ती वेगळी स्कूटर.

"तळं एव्हाना चारबाग स्टेशनावर गाडीत चढलं असेल," नरहरराव म्हणाले.

तेवढ्यात एका ई-रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढलं. "भाईसाहब, ये नीली पन्नी वाली पार्किंग में जगह है क्या?"

सगळे वळले. फाटकापलीकडे अकरा स्कूटर दाटीवाटीने उभ्या होत्या. खालून, सकाळच्या वाऱ्याने तिथवर उडत गेलेल्या तळ्याचा निळा कोपरा डोकावत होता. मधोमध, सगळ्यात मोठ्या कमळावर, नरहररावांची.

"मला वाटलं, माझ्या स्वागताला अंथरलंय," ते हळूच म्हणाले. त्यांची स्कूटर बघून बाकीच्या पालकांनी आपापल्या लावल्या होत्या.

स्कूटर हटल्या, शिट्या वाजल्या. शेवटच्या फेरीला सावनी दोन्ही हात पसरून सुटली ती धापा टाकत थेट टायरचे वळ उठलेल्या कमळावर उतरली. वाचली. टाळ्या वाजवून विनयचे हात दुखले.

"आता सांगा," अनघाताईंनी विचारलं, "खरी तळी नाहीशी कशी होतात?"

सावनीला विचार करावा लागला नाही. "पहले एक अंकल स्कूटर खड़ी करते हैं. फिर सब करते हैं."

ताईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. नरहररावांनी वहीत नोंद केली: 'गुन्हेगार सापडला. तपासाच्या हितासाठी नाव गुप्त.'