मालनबाईंची उन्हाळी मुलूखगिरी आणि आंब्याचे तांबडे पान

श्रीशारदा सहाय. फळा पुसला, खडू हाती घेतला, आणि घडले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, चैत्र वद्य पक्षी एका राज्यात उन्हाळी सुट्टी पडली. राज्य कोणते, तख्त कोठे, हे कोणी पुसू नये. सहा खोल्या, एक पटांगण, पटांगणात एक आंबा, आणि घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा, इतकाच मुलूख. त्यावर श्रीमंत मुख्याध्यापक सर्जेराव खरमाटे यांचा अंमल होता, गणिताची सुभेदारी नामदेवराव पिसाळ गुरुजींकडे होती, आणि पहिल्या इयत्तेचा किल्ला मालनबाई ढवण यांनी बहुत वर्षे राखिला होता. बाई स्वभावे मवाळ, आवाज गोड, आणि पोरांवर माया ऐसी की, नाक पुसावयास पदर सदा पुढे. त्यांची शिकवावयाची एक चाल होती. बोलता बोलता शेवटला शब्द अर्धा सोडावा, हात कानामागे धरावा, आणि उरला अर्धा वर्गाने एकसुरात पुरा करावा. "गाय आपल्याला देते दू..." म्हणताच पोरांनी "ध" म्हणोन कौले हलवावी. ही चाल त्या राज्यात सर्वच गुरुजन चालवीत, परंतु मालनबाईंच्या ती अंगात मुरली होती. घरी जेवावयास बसले असता "आमटीत कमी पडलंय मी..." ऐसे म्हणावे, आणि यजमानांनी मुकाट "ठ" म्हणोन बरणी पुढे करावी, ऐसा संसार चालिला होता.

ऐसे असता त्या किल्ल्यात मैना नामे मुलगी गतसाली दाखल जाहली. डोळे टपोरे, वेण्या घट्ट, पाटीवर अक्षर मोत्यासारखे, बेरीज वजाबाकी अचूक, परंतु वर्गात मुखातून शब्द निघेना. सारा वर्ग गर्जे आणि ही ओठ मिटोन बसे. मग बाईंनी रोज जवळ जावोन पुसावे, "मैना, बोलत का नाहीस गं? समजलं ना?" आणि मैनेने मान हालवावी. मुलीची आई बोलावून आणविली, तर ती माउली चकित होवोन म्हणाली, "काय सांगता बाई? घरी तर कोंबड्यांना पण झोपू देत नाही ही. दिवसभर टकळी चालू. इथंच काय झालंय तिला?" हे "इथंच" बाईंच्या काळजात रुतले, ते निघेना. पुढे दिवाळीनंतर सर्जेरावांनी गुरुजनांच्या खोलीत सभा भरविली आणि जुन्या दरबारांची हौस म्हणोन ताटात विडा ठेविला, आणि बोलिले की, "या मुलीला बोलती कोण करील?" पिसाळ गुरुजी हसोन म्हणाले, "नाव मैना आणि पिंजरा मुका. माझ्याच्यानं होणार नाही, साहेब." तेव्हां मालनबाई उठल्या, विडा उचलिला, आणि भरल्या सभेत बोलून बसल्या की, "वर्ष संपायच्या आत मी तिला बोलती करीन. नाही झालं तर पहिलीचा वर्ग सोडीन." बोल तोंडातून गेला तो गेला. मग गोष्टी सांगितल्या, बाहुल्या नाचविल्या, लिमलेटच्या गोळ्या दिधल्या, आणि वर्ष सरले, तरी मैना मुकी ती मुकीच. विडा वाळून भुगा जाहला आणि बाईंच्या पर्सच्या तळाशी सुपारी तेवढी उरली. सुट्टीच्या दिवशी सर्जेराव हळूच म्हणाले, "बाई, माझ्या मनात नाही, पण शब्द तुमचाच आहे. शाळा उघडेल त्या दिवसापर्यंत थांबतो. नंतर तुम्ही ऑफिसात बसा, पहिली पिसाळांना देतो." हे ऐकोन पिसाळ गुरुजींचे तोंड उतरले. म्हणाले, "अहो, मला कशाला? ती पोरं सरळ मांडीवर येऊन बसतात." बाई किल्ली घेवोन उठल्या. वर्गास कुलूप घालिते समयी त्यांच्या मनात ओवी आली, ती येणेप्रमाणे:

सुट्टीच्या गं पायरीला, ऊन निजलं दुपारी
माझ्या पोरांच्या खोलीची, किल्ली झाली जड भारी.

मग राज्यातील गुरुजन दाही दिशांस मुलूखगिरीस निघाले. कोणी उत्तरेस थंड डोंगरांवर चाल करोन गेले आणि कुडकुडत फोटो धाडिते जाहले, कोणी संगणकाच्या मुलखात उतरोन मराठीत टाइप करावयाची विद्या हस्तगत केली, इतिहासाच्या बाई तर एक किल्ला पाहावयास गेल्या आणि वाटाड्याच्या सनावळ्या तपासोन त्यासच पुनः शिकवून आल्या. मालनबाईंचे मन कशात नव्हते. इतक्यात वरून हुकूम आला की, समुद्रकिनारी शिक्षकांचे शिबिर भरणार, नव्या रीतीचे अध्यापन शिकविणार, दोघांनी रुजू व्हावे. पिसाळ गुरुजी म्हणाले, "चला बाई, शिकलो तर शिकलो, नाहीतर मासे तरी खाऊ." बाईंनी समुद्र जन्मात पाहिला नव्हता. मग एसटीने कूच जाहले. वाटेत चहाचा थांबा आटोपला, आणि गाडी हलते समयी पिसाळ गुरुजींनी सवयीने उठोन साऱ्या प्रवाशांची डोकी मोजिली, आणि मालनबाई कंडक्टरास म्हणाल्या, "आम्हाला उतरायचंय खाडीपुलाच्या फा..." आणि कानामागे हात धरोन थांबल्या. कंडक्टर म्हणाला, "ट्यावर. बाई, पहिलीला शिकवता काय?" गाडी हसली, बाईही हसल्या, पण पहिलीचे नाव निघताच हसणे अर्ध्यातच विरले.

दुसरे दिवशी उजाडता बाई एकट्याच किनाऱ्यावर गेल्या. जन्मभर वर्गात शिकविला तो समुद्र आज समक्ष भेटणार म्हणोन पदर सावरोन गेल्या, आणि पाहतात तो ओहोटी लागलेली, जवळच खाडीचे मुख, आणि पाणी गढूळ तांबूस, दूध घातलेल्या चहासारखे, किनाऱ्यास फेस धरोन डुलते आहे. बाईंस नवल वाटले आणि गोडही वाटले. चपला हाती घेवोन घोट्यापर्यंत त्या चहात उभ्या राहिल्या, आणि मनात म्हणाल्या, हे कोणास तरी सांगितले पाहिजे. मग शिबिरात गेल्या. शिकवणाऱ्या ऋजुता देवस्थळी मॅडम वयाने लहान, बोलण्यात चपळ, मन लावोन शिकवणाऱ्या. त्यांनी मुलांची भाषा कशी वाढते हे सांगावयास आरंभ केला आणि ओघात म्हणाल्या, "आता साधं उदाहरण घ्या. समुद्राचा रंग कसा? नि..." आणि त्यांचाही हात कानामागे गेला. भरल्या मंडपातील गुरुजन एकसुरात गर्जले, "ळा." त्याच समयी मालनबाईंच्या ओठांवर "चहासारखा" हा शब्द आला होता, तो त्या गर्जनेखाली चिरडोन गेला. शेजारी पिसाळ गुरुजींनी तेवढा ऐकिला आणि कुजबुजले, "बाई, चहा अकराला मिळणार आहे." मागल्या रांगेत दोघी फिसकन हसल्या. हसण्यात काही वावगे नव्हते, परंतु बाईंच्या कानशिलांस ऊन लागले. मग पुढे मॅडमनी बहुत वाक्ये अर्धी सोडिली, सभेने ती पुरी केली, आणि मालनबाईंनी तोंड उघडिले नाही. कित्येक वाक्यांची उत्तरे त्यांस येत होती, तरी उघडिले नाही. अखेरीस मॅडम जवळ आल्या आणि अगदी मायेने पुसते जाहल्या, "बाई, तुम्ही बोलत का नाही? समजलं ना?" बाईंनी मान हालविली.

मान हालविली आणि तत्क्षणी त्यांस मैनेची मान आठवली. गतसालचा शाळेचा पहिला दिवस डोळ्यांपुढे उभा राहिला. पोरे आंब्याखाली बसविली होती, आणि आपण म्हणालो होतो, "आंब्याचं पान असतं हि..." आणि वर्ग म्हणाला होता "रवं", आणि एका कोपऱ्यातून बारीक आवाज आला होता, "तांबडं." पोरे हसली होती, आपणही हसत म्हणालो होतो, "हिरवं गं, बाळ", आणि पुढल्या वाक्यास लागलो होतो. तो आवाज कोणाचा, हे त्या दिवशी पाहिलेच नव्हते. बाई तशाच उठल्या, मंडपाबाहेर आल्या, आणि कुंपणाशी आंब्याचे झाड होते त्याकडे पाहिले, तो शेंड्याशी कोवळी पालवी फुटली होती, लखलखीत तांबडी, तान्ह्या बाळाच्या तळव्यासारखी. पिसाळ गुरुजी मागोमाग येवोन म्हणाले, "बाई, माझं काही लागलं का? गंमत केली हो." बाई म्हणाल्या, "नाही गुरुजी. तुमचे उपकारच झाले." गुरुजींस अर्थ लागला नाही, परंतु उपकार म्हटले म्हणोन अकराचा चहा त्यांनी स्वहस्ते आणोन दिला.

मग शिबिर आटोपले आणि बाई स्वराज्यी परतल्या, आणि उरल्या सुट्टीत त्यांनी वेगळीच तालीम आरंभिली. अर्धा शब्द न सोडता पुसावे, आणि पुसोन थांबावे, ही ती तालीम. थांबणे बहुत कठीण. जीभ पुढे धाव घेई, तिला दातांखाली धरावी. प्रथम प्रयोग यजमानांवर जाहला. सकाळी पुसिले, "आज भाजी काय करू?" आणि बाई थांबल्या. यजमान सवयीने अर्ध्या शब्दाची वाट पाहू लागले. तो येईना. मग यजमान खाली पाहात म्हणाले, "एक सांगू का? मला वांगं आवडत नाही. लग्नापासून." बाई खुर्चीवर बसल्याच. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत हो?" यजमान म्हणाले, "तू वां... म्हणायचीस, मी गं म्हणायचो."

मग ज्येष्ठ वद्य पक्षी शाळा उघडली. रुळावर टोला पडला, पोरे आली, मैनाही दुसरीच्या नव्या वह्या छातीशी धरोन आली. मालनबाईंनी अर्ज केला की, आजचा एक तास जुना वर्ग आंब्याखाली मजकडे द्यावा, आणि सर्जेरावांनी तो मान्य केला, आणि स्वतः पिसाळ गुरुजींसह आंब्याजवळ खुर्ची टाकोन बसले. गुरुजींनी तर सकाळी देवापुढे नारळ ठेविला होता. बाई पोरांस म्हणाल्या, "मी सुट्टीत समुद्र बघितला." वर्ग आपणहून गर्जला, "निळा." बाई म्हणाल्या, "नाही. चहासारखा होता." पोरे एकमेकांकडे पाहू लागली. एकसुराचे उत्तर चुकते, हे त्यांनी आजवर ऐकिले नव्हते. मग बाईंनी फांदी वाकवोन शेंड्याचे एक कोवळे पान खुडिले, तळहातावर ठेविले, आणि इतकेच म्हणाल्या, "हे आंब्याचं पान आहे. कसं आहे, सांगा." आणि थांबल्या. कोणी म्हणे हिरवं, कोणी म्हणे लांब, आणि बाई कोणास हो म्हणेनात की नाही म्हणेनात. मग सारी उत्तरे सरली. सर्जेराव खाकरले, पिसाळ गुरुजींनी डोळे मिटिले, आणि बाईंचा हात कानामागे जावयास निघाला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरोन ठेविला. वारा आला. पान हलले. तेव्हां कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "आधी तांबडं असतं. मग हिरवं होतं. ते अजून लहान आहे ना, म्हणून." साऱ्या वर्गाने मागे वळोन पाहिले. बाईंनी ते पान उंच धरिले. आणि मैना, जणू कालच बोलणे अर्धे राहिले होते ऐसे, पुढे म्हणाली, "बाई, समुद्र खरंच चहासारखा? मग त्यात साखर असती का?" बाई भान विसरल्या आणि जुनी चाल जिभेवर आलीच. म्हणाल्या, "नाही गं राणी, त्यात असतं मी..." आणि दचकोन थांबल्या. वर्गही थांबला. एका पोराने "ठ" म्हणावयास तोंड उघडिले होते, त्याचे शेजाऱ्याने दाबिले. मैनेने एकवार साऱ्यांकडे पाहिले, वह्या खाली ठेविल्या, आणि म्हणाली, "ठ."

तेव्हां पिसाळ गुरुजींनी ऐसा सुस्कारा सोडिला की, पोरे बिचकली. सर्जेराव उठोन म्हणाले, "पहिली तुमचीच, बाई", आणि दुसरीकडे पाहात चष्मा पुसू लागले. मग बाईंनी पर्सच्या तळाची सुपारी काढिली, अडकित्त्याने फोडिली, आणि गुरुजनांच्या खोलीत एकेक खांड वाटिले. पावसाळी ओलाव्यात ती नरम पडली होती, तरी सर्वांनी गोड मानोन घेतली. ओवी जाहली ती ऐसी:

लेक बोलली बोलली, जशी फुटली पालवी
पान तांबडं तांबडं, कसा जीव मला लावी.

येणेप्रमाणे उन्हाळी मुलूखगिरी फत्ते जाहली. पहिलीचा किल्ला बाईंकडे राहिला, पिसाळ गुरुजींची मांडी मोकळी राहिली, आणि मैना आता इतके बोलते की, दुसरीच्या बाईंनी तिला गप्प करावयास विडा मागितला आहे. बाईंच्या घरी वांगे शिजत नाही. इति.