सिमेंटात बसलेला उत्तरकाळ

"अकरा वर्षांचा वाद आज मी अकरा मिनिटांत संपवतो!" दातांच्या डॉक्टरांनी सकाळी चहाचा कप बशीवर आपटत जाहीर केलं.

"आधी बशी संपेल," बायको म्हणाली.

बायकोचं सोडा. घरात कान असलेलं माणूस एकच, आणि ते आपण, असं डॉक्टरांचं ठाम मत होतं. त्यांना चित्रपटांच्या पार्श्वसंगीताच्या तबकड्या जमवण्याचं वेड होतं. गाणी नव्हेत हं! गाणी काय, कुणीही जमवतो! नायिका जिना उतरताना, खलनायक दार ढकलताना मागे जे वाजतं, ते! अशा चारशे बारा तबकड्या त्यांच्याकडे होत्या. खाली दवाखाना, वर घर. आणि घरात माणसांना बसायला दोन खुर्च्या नि तबकड्यांना तीन कपाटं. त्यातलं एक अख्खं कपाट एकाच संगीतकाराचं.

वाद त्याच्यावरूनच होता. डॉक्टरांचं म्हणणं, संगीतकार साठीपर्यंत वाघ होता, साठीनंतर त्याचा दम संपला. त्यांच्या मेहुण्याचं म्हणणं, साठीनंतरच तो खरा बहरला. मेहुणा घड्याळजी होता. दर रविवारी बहिणीकडे यायचा, आणि भांडून परत जायचा. घरी ऐकायला त्याने डॉक्टरांच्याच तबकड्या टेपवर उतरवून नेल्या होत्या.

"अरे, घोड्यांचा पाठलाग चाललाय पडद्यावर! आणि संगीत कसं? पोटभर जेवून शतपावली करतंय!"

"दाजी, ते गांभीर्य आहे! गाठून तरी काय करणार, असं विचारतंय ते संगीत. तुम्हाला नाही कळायचं, तुमचं अजून वय व्हायचंय."

"मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे!"

"वयाने मोठे, दाजी, कानाने लहान!"

अशी अकरा वर्षं गेली. आणि मागच्याच आठवड्यात घड्याळजींच्या दुकानात एक ऐंशी पार केलेले गृहस्थ ताल मोजायचं यंत्र दुरुस्तीला घेऊन आले. तेच ते टकटक करणारं, लंबकाचं! घड्याळजींनी नाव विचारलं आणि त्यांच्या हातातलं भिंगच खाली पडलं. साक्षात संगीतकार! मुलीकडे राहायला आले होते, दोन गल्ल्या सोडून! घड्याळजींनी लगेच साकडं घातलं, "गुरुजी, शनिवारी माझ्या बहिणीकडे चहाला या. यंत्र तिथेच देतो. फक्त एक निवाडा करायचाय."

हे कळल्यावर डॉक्टरांच्या अंगात आलं. "गुरुजी स्वतः म्हणाले ना, की उत्तरकाळ श्रेष्ठ, तर माझी पहिली तबकडी तुझी!"

पहिली तबकडी म्हणजे संगीतकाराच्या पहिल्या चित्रपटाची. साऱ्या शहरात दुसरी प्रत नाही! डॉक्टर ती वर्षातून एकदा, आपल्या वाढदिवसाला वाजवत, आणि तेव्हा घरात कुणी शिंकायचं नाही. शब्द तोंडातून गेला आणि त्यांना तो परत गिळावासा वाटला. शनिवारी दिवसभर दवाखान्यात त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका पेशंटला तर आ करायला सांगून ते खिडकीबाहेर बघत बसले. पाच मिनिटांनी पेशंटनेच हात वर करून विचारलं, मिटू का?

संध्याकाळी संगीतकार आले. बुटके, चटपटीत, डोळे लहान मुलासारखे. तिसरं बिस्किट चहात बुडवेपर्यंत डॉक्टरांनी कसाबसा धीर धरला.

"गुरुजी, राग मानू नका. तुमचं आधीचं काम म्हणजे सोनं! पण साठीनंतर तुम्ही... जरा... थकलात."

"थकले नाहीत, खोल गेले!" घड्याळजी ओरडले.

"मी?" संगीतकार चकित झाले. "साठीनंतर मी इतकी धावपळ केली, की वादक पळून जायचे. वाजवा बघू ती घोड्यांची तबकडी."

डॉक्टरांनी सुई टेकवली. संगीत सुरू झालं. घोडे निघाले. म्हणजे निघाले कसले, पाणवठ्यावरून म्हशी परतत होत्या! तुताऱ्या जांभया देत होत्या, ढोल दम खात होते. संगीतकारांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"वा," संगीतकार म्हणाले. "छान आहे. कोणाचं आहे?"

घड्याळजींच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

"गुरुजी, तुमचंच!" दोघं एका सुरात म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"माझं? छे!" त्यांनी घड्याळजींनी दुरुस्त करून आणलेलं आपलं तालाचं यंत्र टेबलावर ठेवलं, काटा सरकवला. टकटकटकटक! "मी हे या गतीने केलं होतं." मग उठून त्यांनी तबकडीच्या मधला कागद नाकाशी धरला. "हे बघा, बारीक अक्षरात आहे. मिनिटाला पंचेचाळीस फेरे. आवाज चांगला यावा म्हणून साठीनंतर सगळ्या अशाच काढल्या आम्ही. तुमचं तबकडीचं यंत्र तेहतीसवर आहे. खटका सरकवा की!"

डॉक्टरांनी बिस्किटांची बशी पुढे केली.

"सरकवा ना, दाजी!"

"सरकत नाही," डॉक्टर पुटपुटले. "हिच्या हातून धूळ पुसताना हलायचा, म्हणून... मी तो पक्का बसवलाय."

"कशाने?"

"दातात भरायच्या सिमेंटने."

बायकोने पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. ती इतकी हसली, की शेवटी भिंत धरून उभी राहिली. घड्याळजीही हसू लागले, आणि अचानक थांबले. त्यांची टेपसुद्धा याच यंत्रावरून उतरवलेली! दिवसाला अर्धा सेकंद मागे पडणारं घड्याळ नुसत्या कानाने पकडणारा माणूस अकरा वर्षं म्हशींना घोडे म्हणत होता!

मग काय, खालून दवाखान्यातली हत्यारं आली. घड्याळजींनी बॅटरी धरली, डॉक्टर खटक्यावर वाकले. "दुखलं तर सांगा," ते सवयीने म्हणाले. घर्र... घर्र... टुक! खटका मोकळा झाला.

सुई टेकली आणि घोडे उधळले! तुताऱ्या शाळा सुटल्यासारख्या धावत आल्या, ढोलांनी जमीन हादरवली. संगीतकार दोन्ही हातांनी हवेत वाद्यवृंद हाकू लागले. बायको चमच्याने टेबलावर ठेका धरून बसली. डॉक्टरांना आनंद आवरेना. साठीनंतरच्या आणखी एकवीस तबकड्या खऱ्या गतीने अजून ऐकायच्याच होत्या! ते घड्याळजींना मिठी मारून म्हणाले, "हरलो रे! उत्तरकाळ श्रेष्ठ!"

"मी पण तसंच म्हणेन," संगीतकार म्हणाले.

शब्द म्हणजे शब्द. डॉक्टरांनी पहिली तबकडी कपाटातून काढली, एकदा छातीशी धरली आणि मेहुण्याच्या हातात दिली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ही होय?" संगीतकार वाकून बघत म्हणाले. "यावर माझं नुसतं नाव आणि फोटो आहे. मला तेव्हा कांजिण्या झाल्या होत्या. सगळं संगीत माझ्या सहायकाने केलं."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. घड्याळजींनी त्यांचा चेहरा पाहिला आणि ती तबकडी यंत्रावर चढवली. खटका तेहतीसवर आणायलाही ते विसरले नाहीत. सूर निघाले. चौदाव्या वर्षी हेच ऐकत डॉक्टर चित्रपट संपल्यावरही खुर्चीत बसून राहिले होते, झाडूवाल्याने उठवेपर्यंत. कुणी का केलेलं असेना, आजही तसंच गोड वाजत होतं. घड्याळजींनी रिकामं वेष्टन हळूच त्यांच्या मांडीवर ठेवलं. "तुमच्याकडेच राहू दे, दाजी."

"गुणी पोरगा होता," संगीतकार डोळे मिटून म्हणाले. "पुढे त्याने स्वतःच्या नावावरही बरंच काम केलं म्हणे."

डॉक्टर ताठ बसले. "पुढे घसरला असणार!"

"काहीतरीच काय, दाजी! पुढेच तर बहरला असणार!"

"अहो," बायकोने चहाचे कप उचलता उचलता विचारलं, "तुम्ही दोघांनी त्याचं एक तरी ऐकलंय का?"

नव्हतं ऐकलं. पण तेवढ्यासाठी वाद कोण थांबवतो?