पाहणाऱ्याची चूक

शमशुद्दीन बागवान या चालकाच्या कागदपत्रांत एक गंभीर त्रुटी आढळली. सव्वीस वर्षं पुण्याच्या रस्त्यांवर गाडी चालवून त्यानं एकही अपघात केलेला नव्हता. 'अपघातातून घेतलेले धडे' या रकान्यात त्यानं पहिल्या वर्षी 'नाही' लिहिलं, दुसऱ्या वर्षी 'निरंक' लिहिलं आणि तिसऱ्या वर्षी कंटाळून आडवी रेघ मारली. कंपनीच्या सुरक्षा विभागानं त्या रेघेभोवती लाल गोल काढला. ज्या माणसानं एकही धडा घेतलेला नाही, त्याला प्रशिक्षित कसं म्हणायचं?

साल दोन हजार सात. हिंजवडीत काल-परवापर्यंत ऊस होता तिथं काचेच्या इमारती उगवल्या होत्या, आणि पेठांतली हुशार माणसं उचलून त्या काचेत नेऊन ठेवायला हजारो गाड्या लागत होत्या. शमशुद्दीनची पांढरी सुमो त्यांतली एक. फाटकावर दाखवायला त्याच्या गळ्यात एक प्लॅस्टिकचा पास होता. पास असेल तर गाडी आत, गाडी आत असेल तर नोकरी. आणि या वर्षी पास नवा करून हवा असेल तर एक प्रमाणपत्र लागणार होतं.

त्या प्रमाणपत्राची कथा अशी. कंपनीचं मूळ जर्मनीत. तिथून पुण्याला येणाऱ्या साहेबांसाठी तिकडच्या कार्यालयानं एक पुस्तिका काढली होती : 'परदेशातील गोंधळाच्या रस्त्यांवर बचावात्मक वाहनचालन'. साहेबांनी ती वाचली आणि पुण्यात गाडी चालवायचीच नाही, असा बचाव पत्करला. त्यांना शमशुद्दीन फिरवू लागला. आता गाडी चालवतो तो शमशुद्दीन, तेव्हा पुस्तिका वाचायला हवी तीही त्यानंच, हे ओघानंच आलं. मग तिचं शब्दाला शब्द ठेवून मराठी भाषांतर झालं. भवानी पेठेत जन्मलेल्या, भवानी पेठेतच दाढी पिकलेल्या शमशुद्दीनच्या हातात ते पडलं. त्याचं पहिलं वाक्य होतं : 'आपण आता परदेशात आहात. घाबरू नका.'

शिकवायला अभय होता. तो आठ महिने जर्मनीत राहून आला होता. येताना त्यानं बर्फात घालायचं एक जाकीट आणि 'राइट ऑफ वे' हे तीन शब्द आणले होते. जाकीट पुण्यात घालता येईना, म्हणून तो शब्दच वापरायचा.

"राइट ऑफ वे म्हणजे मार्गाधिकार," अभय म्हणाला. "चौकात आधी कुणी जायचं, त्याचा हक्क. तिकडे बालवाडीतल्या पोरांना माहीत असतं. इथं आहे का कुणाला माहीत?"

"आहे की," शमशुद्दीन म्हणाला. "ज्यानं बघितलं त्यानं थांबायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा साहेब, चौकात दोन गाड्या आल्या. ज्यानं दुसऱ्याला बघितलं, तो अडकला. त्याला आता माहितीये ना समोर गाडी आहे? मग ब्रेक त्यानंच मारायचा. ज्यानं बघितलंच नाही त्याच्यावर काय जबाबदारी? तो जाणार. म्हणून तर कुणी बघत नाही. बघितलं तरी मान वळवतात. बोहल्यावरची नवरीसुद्धा एवढी नजर चोरत नसेल."

"हे चुकीचं आहे."

"चुकीचं तर आहेच. पण नियम हाच आहे."

"तिकडे मी स्वतः गाडी चालवलीय, शमशुद्दीनभाई. तिकडे असं नसतं."

"आणि इकडं चालवता?"

"इकडे कशाला? इकडे रिस्क आहे. तुम्ही आहात ना."

मग लेखी परीक्षा झाली. सातवा प्रश्न होता : 'स्थानिक चालकापासून किती अंतर राखावे?' शमशुद्दीननं हात वर केला.

"साहेब, स्थानिक चालक म्हणजे कोण?"

"इथला ड्रायव्हर."

"इथला ड्रायव्हर मीच. मी माझ्यापासून किती लांब बसू?"

अभयनं पुस्तिका चाळली. "तीन सेकंद लिहा. धोका दिसल्यावर सावरायला माणसाला तीन सेकंद लागतात."

शमशुद्दीननं तीन सेकंद लिहिले. 'स्थानिक चालक भोंगा का वाजवतात?' या प्रश्नाला चार पर्याय होते : आनंदाने, रागाने, सवयीने, धार्मिक कारणाने. त्यानं खाली पाचवा जोडला : 'समोरचा बघत नाही म्हणून'. त्याचे दोन गुण कापले गेले. साठ हवे होते, एकसष्ट मिळाले. राहिली ती प्रत्यक्ष परीक्षा.

ती मंगळवारी सकाळी झाली. साडेनऊला सुमो नारायण पेठेतल्या चौकात शिरली. शेजारी अभय, त्याच्या मांडीवर बेचाळीस रकान्यांचं निरीक्षणपत्रक. आरसा पाहिला का, पट्टा लावला का, चेहऱ्यावर तणाव आहे का. एवढं सगळं भरायचं म्हणजे वर बघायला फुरसत नव्हती. नारायण पेठेत शिरल्यापासून निरीक्षकाची मान खाली होती.

चौकाच्या कडेला दुर्गाबाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, हातात भाजीची पिशवी. रस्ता ओलांडायची त्यांची ठरलेली रीत होती. उजवा तळहात गाड्यांच्या दिशेनं उभा धरायचा, तोंड बरोब्बर विरुद्ध दिशेला फिरवायचं आणि चालू पडायचं. त्या चालू पडल्या.

शमशुद्दीननं त्यांना बघितलं. आरशात बघितलं, तर मागं एक मोटारसायकल होती. समोर माणूस, मागं यंत्र. त्यानं ब्रेक दाबला. सुमो दुर्गाबाईंच्या पदरापासून चार बोटांवर थांबली आणि मागून दाणकन आवाज झाला.

मोटारसायकलवर रोहन नावाचा तरुण होता. त्याचा मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये होता आणि हेल्मेट कोपरात अडकवलेलं होतं, त्यामुळे कोपर सुखरूप राहिलं. बाकीचाही तो सुखरूप होता. सुमोचा मागचा दिवा मात्र फुटला.

"ओ काका, मधेच काय थांबता?"

"बाई होती पुढं."

"मग मागच्याला सांगायचं ना!"

"लाल दिवा लागला की मागं. तेच सांगणं असतं."

"मी नाही बघितला. कॉलवर होतो ना मी!"

तेवढ्यात पलीकडच्या कडेला सुखरूप पोचलेल्या दुर्गाबाई वळल्या. "काय हो, एवढं करकचून ब्रेक मारायला झालं काय? दचकले ना मी!"

दुपारी सुरक्षा विभागात आम्रपाली बसली होती. वयानं लहान, मनानं चांगली, आणि संगणकात असेल तेवढंच करू शकणारी सुरक्षा अधिकारी.

"काका, फक्त हो किंवा नाही सांगायचं. समोरचा धोका आधी पाहिला होता?"

"हो. पाहिला म्हणून तर थांबलो."

"मागची मोटारसायकल?"

"हो. पोरगं फोनवर बोलत होतं. निळा शर्ट."

आम्रपालीनं कपाळावर हात मारला. "दोन्ही बाजूंना पाहिलंत? काका, असं कुणी करतं का?" तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती : 'धोका पाहिलेला असल्यामुळे अपघात टाळता येण्याजोगा. जबाबदारी : चालक. पास रद्द.'

"आणि तो पोरगा?"

"त्यानं पाहिलं नाही ना. त्याच्या बाजूनं अपघात अकल्पित."

शमशुद्दीननं पडद्यावर बोट ठेवलं. "बेटा, मी न बघता त्या बाईंना उडवलं असतं तर?"

आम्रपालीनं दोन कळा दाबल्या आणि नाइलाजानं वाचून दाखवलं. "अकल्पित, अटळ. चालकाचा दोष नाही. चालकाला दोन दिवस विश्रांती आणि समुपदेशन." मग ती म्हणाली, "आणि 'घेतलेले धडे' हा रकानाही भरला असता."

तिनं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "काका, माझं ऐका. एकदाच 'नाही' म्हणा. मी कळ दाबते, पास तुमच्या गळ्यात."

"बेटा, माझं काम काय आहे?"

"गाडी चालवणं."

"गाडी इंजिन चालवतं. माझं काम बघणं. सव्वीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. आता त्यालाच नाही म्हणू?"

आम्रपालीनं मग नियमावली उघडली. पाठीमागच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, एक वाट सापडली. चालकानं पादचाऱ्याला वाचवण्यासाठी ब्रेक लावला, हे प्रत्यक्ष पाहिलेल्या एका साक्षीदारानं शुक्रवारी पाचच्या आत लिहून दिलं, तर दोष माफ. एक साक्षीदार, एक सही.

"चौकात शंभर माणसं होती," शमशुद्दीन म्हणाला, आणि निघाला.

पहिला अभय. तो तर शेजारीच बसला होता.

"मी बघत नव्हतो हो. तुमचं निरीक्षण लिहीत होतो. हे बघा, 'ब्रेक सुरळीत' असं लिहिलंयसुद्धा."

"मग तेवढंच लिहून द्या."

"आणि मला विचारलं, निरीक्षक असून पाहिलंस तर चालकाला आधी सावध का केलं नाहीस? पुढच्या महिन्यात मी परत जर्मनीला चाललोय, शमशुद्दीनभाई. रेकॉर्ड स्वच्छ लागतं."

बुधवारी तो चौकातल्या हिंमतरावांकडे गेला. त्यांचं कुलुपांचं दुकान. कुलपं कोण रोज घेतं? त्यामुळे हिंमतराव तीस वर्षं दिवसभर चौकाकडे तोंड करून बसलेले. दुकानावर पाटी होती, रंग अजून ओला : 'या चौकात झालेले अपघात आम्ही पाहिलेले नाहीत. पुढे होणारेही पाहणार नाही. विचारून स्वतःचा अपमान करून घेऊ नये.'

"पाटी वाचलीत?" हिंमतरावांनी विचारलं.

"वाचली."

"मराठीतच आहे ना?"

"तुम्ही समोरच बसला होतात, साहेब. माझ्याकडं बघून मान हलवलीत."

"समोर बसणं वेगळं, बघणं वेगळं. मागे एकदा बघितलं होतं मी. अकरा वेळा कोर्टात बोलावलं. अकराव्या वेळी आरोपीनंच मला घरी सोडलं, एवढी ओळख झाली होती आमची. आता बघत नाही. कुलूप हवंय?"

कुलूप नको होतं. गुरुवारी त्यानं दुर्गाबाईंचं घर शोधून काढलं. दोनच गल्ल्या सोडून होतं. त्यांनी पाणी दिलं, त्याला बसायला सांगितलं आणि चष्मा शोधला.

"सही ना? देते की. तुम्ही नसतात तर आज माझ्या फोटोला हार असता, एवढं कळतं मला. दाखवा कागद." त्यांनी कागद नाकाशी धरून वाचला : 'मी सदर वाहन येताना प्रत्यक्ष पाहिले.' आणि पेन खाली ठेवलं. "अहो, पण मी कुठे पाहिलं? पाहिलं असतं तर थांबले नसते का?"

"आजी, एक ओळ आहे फक्त."

"चाळीस वर्षं मी हा चौक ओलांडतेय. एकदाही पाहिलेलं नाही. पाहिलं की संपलं, मग गाड्या थांबत नाहीत. आपण नाही पाहिलं, तर त्यांना पाहावं लागतं. असतोच हो तुमच्यासारखा एखादा पाहणारा."

"परवापासून नसणार."

दुर्गाबाईंनी कागद नीट घडी घालून परत केला. "तुमचं वाईट वाटतं मला. पण खोटं नाही लिहिणार मी. या वयात खोटी साक्ष शोभत नाही."

शुक्रवारी पाचला दहा मिनिटं असताना शमशुद्दीन सुरक्षा विभागात पोचला. साक्षीदाराची चौकट कोरी होती. आम्रपालीनं हात पुढे केला. त्यानं पास गळ्यातून काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. सुमोवर दुसरा चालक नेमला गेला. लेखी परीक्षेत त्याला चौऱ्याण्णव गुण होते. त्यानं एकही उत्तर रस्त्यावरून आणलेलं नव्हतं.

चौकट अजून कोरीच आहे. खरं म्हणजे ती तुमच्यासाठी होती. वाचता वाचता हसलात तेव्हा सोयीनं विसरलात, पण त्या मंगळवारी साडेनऊला तुम्हीही त्या चौकात होतात. कुलुपांच्या दुकानाच्या अलीकडे, झेब्रा पट्ट्यांवर पुढचं चाक टाकून. तुम्ही बाईंना पाहिलंत, सुमो थांबलेली पाहिलीत, तो आवाज ऐकलात आणि सिग्नलकडे बघू लागलात. सिग्नल त्या दिवशी बंद होता. शमशुद्दीननं आरशात तुम्हालाही पाहिलं होतं, पण तुमचं नाव त्यानं सांगितलं नाही, कारण ते त्याला माहीत नव्हतं.

असो. आज सोमवार आहे, साडेनऊ वाजलेत, तुम्ही नेहमीच्या जागी आहात. पांढरी सुमो चौकात येतेय. नवा चालक पुस्तिकेत लिहिलंय तसा सरळ, शांत चेहऱ्यानं बसलाय. इकडे दुर्गाबाईंनी तळहात वर केलाय, तोंड पलीकडे फिरवलंय आणि पाऊल उचललंय. मधे पाहणारं कुणी नाही. तुमच्या अंगठ्याखाली भोंगा आहे. पण तो वाजवलात तर तुम्ही पाहिलं होतं, हे सिद्ध होईल.

मान वळवायला तुमच्याकडे तीन सेकंद आहेत.