सातवा तास

फ्रिजच्या दारावरच्या फॉर्मवर तिसरी खूण दिसली, तेव्हाच ब्रिता ओस्टबीनं तोंड उघडायला हवं होतं. पण ओस्टबींच्या घरात, आणि खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या टॅमरॅक फॉल्स गावातच, लोक तोंड उघडतात ते जेवायला. बशीतला शेवटचा लेमन बार इथे कुणी उचलत नाही. आधी कुणीतरी त्यातला अर्धा घेतं, मग दुसरं कुणी उरलेल्यातला अर्धा, आणि शेवटी नखाएवढा तुकडा तीन दिवस झाकून ठेवतात. एखादी गोष्ट अगदीच पटली नाही तर "वेगळंच आहे," असं म्हणतात. याहून कडक शब्द मी मिनेसोटात पंचवीस वर्षांत ऐकलेला नाही.

फॉर्म शाळेचा होता. सोळा वर्षांच्या ब्रितानं पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे होते. दिवसाचे सात तास आणि मध्ये जेवणाची सुट्टी. प्रत्येक विषयापुढे एक चौकट होती. तिथे खूण केली की तो विषय कॉलेजच्या तोडीचा मिळणार आणि त्याबरोबर रोज तासभर गृहपाठही. तळाशी ठळक अक्षरांत बजावलं होतं: 'सही केल्यावर विषय वर्षभर मध्येच सोडता येणार नाही.' घरच्यांनी आठवडाभर नीट विचार करावा म्हणून ब्रितानं तो फ्रिजवर लावला. सगळा घोटाळा तिथेच झाला.

तिचा स्वतःचा विचार पक्का होता. जीवशास्त्र आणि इतिहास, या दोनच चौकटींत तिनं खूण केली होती. बाकीचे विषय साधेच ठेवायचे होते, कारण ती शाळेच्या स्कीच्या संघात होती. आणि सातवा तास मोकळा ठेवायचा होता, यंदासारखाच. कारण त्या तासाला ती शाळेमागच्या वृद्धांच्या इमारतीत जायची, आर्व्हिड आजोबांकडे.

व्हर्ना आजी गेल्याला तेरा महिने झाले होते. यंदा शाळा सुरू झाल्यापासून रोज दुपारी दोनला ब्रिता आजोबांचं दार वाजवायची आणि म्हणायची, "इकडून चालले होते, म्हटलं डोकवावं." आजोबा म्हणायचे, "मी पण सहजच कॉफी टाकली होती." मग दोघं क्रिबेज खेळायचे, पत्ते टाकत आणि लाकडी फळीवरच्या खुंट्या सरकवत. घरी तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं की त्याची सेवा होते, आणि सेवा करून घ्यायची आजोबांना भारी लाज. दिवसभरातला हा एक तास जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

मंगळवारी भौतिकशास्त्रासमोर हिरव्या शाईची खूण उमटली. हिरवं पेन म्हणजे बाबा. डॅरिल ओस्टबी धान्याच्या कोठारावर कामाला होता आणि तिथून फुकट मिळालेली हिरवी पेनं घरभर पडलेली असायची. आदल्या दिवशी त्यानं ब्रिताला फॉर्मसमोर उसासा टाकताना पाहिलं होतं. 'पोरीला हवंय, पण मागायला लाजतेय,' असं त्याला वाटलं. ब्रितानं खूण पाहिली. 'बाबांचं केवढं स्वप्न असेल!' असं वाटून ती गप्प बसली.

बुधवारी आईनं, म्हणजे जोलीननं, तीन खुणा पाहिल्या. तिन्हींपैकी एकही साहित्याची नाही. 'मी काहीच अपेक्षा ठेवत नाही, असं तर तिला वाटायचं नाही ना?' या काळजीनं तिनं इंग्रजीपुढे नाजूकशी खूण केली. ती खूण डॅरिलला ब्रिताची वाटली. एवढी शिकायची भूक असताना आपण हात आखडता घ्यायचा? त्यानं गुरुवारी गणितही हिरवं करून टाकलं.

त्यानंतर घरात विलक्षण समजूतदारपणा सुरू झाला. पुढच्या वर्षी ब्रिताला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून आत्तापासूनच, वर बटाट्याचे गोळे रचून भट्टीत भाजलेला हॉटडिश सहाऐवजी पावणेपाचला टेबलावर यायला लागला. ब्रिताच्या वाट्याची भांडी डॅरिलनं गुपचूप घासली. दारातलं बर्फही त्यानं तिच्या आधी उठून काढलं.

"काय गं, ठीक आहे ना सगळं?" जोलीननं विचारलं.

"छान आहे," ब्रिता म्हणाली.

"जास्त नाही ना होत?"

"नाही गं. तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"आम्हाला काय, तुला बरं तेच आम्हाला."

एवढं झाल्यावर प्रत्येकजण आपापल्या खोलीत जाऊन हळहळला.

रविवारी चर्चनंतर आर्व्हिड आजोबा नेहमीसारखे जेवायला आले. क्रीम घ्यायला फ्रिजपाशी गेले आणि चष्मा वर करून बराच वेळ फॉर्म वाचत उभे राहिले. परत आले तेव्हा हातात क्रीम नव्हतं. कॉफी त्यांनी काळीच प्यायली. कुणी काही विचारलं नाही, कारण काळी कॉफी पिणं हा माणसाचा खासगी प्रश्न असतो.

सोमवारी सकाळी कामावर जाता जाता फॉर्म शाळेत टाकायचा म्हणून डॅरिलनं तो काढला, तर सातव्या तासालाही खूण. मानसशास्त्र.

"वेगळंच आहे," तो जोलीनला म्हणाला. ती दचकली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण इतकं टोकाचं तो पहिल्यांदाच बोलत होता.

"तिनंच केली असेल. मग आपण कोण अडवणार?" ती म्हणाली. दोघांनी जड मनानं सह्या केल्या. ब्रिता तेव्हा आंघोळीला गेली होती.

बुधवारी दुपारी शाळेतून बोलावणं आलं. विषयनिवडीचं काम पाहणाऱ्या मिसेस पॅलुची न्यू जर्सीच्या. आमच्याकडे येऊन त्यांना सहा वर्षं झाली, तरी मनात येईल ते त्या अजून तोंडानं बोलतात. गावानं त्यांना माफ केलं आहे. ओस्टबी कुटुंब समोर ओळीनं बसलं, कोट न काढता, म्हणजे फार जागा अडायला नको.

"ब्रितानं रोजच्या वेळेचा जो तक्ता भरला होता, त्यावरून मी बेरीज केली," मिसेस पॅलुची म्हणाल्या. "झोप आठ तास. शाळा सात. स्की तीन. जेवणखाण, आंघोळ, येणंजाणं तीन. आणि सहा विषयांचा गृहपाठ सहा तास. किती झाले?"

डॅरिलनं बोटांवर मोजलं. "सत्तावीस."

"आणि तुमच्याकडे दिवस किती तासांचा असतो?"

"उन्हाळ्यात बराच मोठा असतो," डॅरिल पडेल आवाजात म्हणाला.

"शिवाय भौतिकशास्त्राचे प्रयोग जेवणाच्या सुट्टीत येतात. पोरगी वर्षभर उपाशी राहणार. कुणाची ही कल्पना?"

तिघांनीही बुटांकडे पाहिलं. बुटांभोवती बर्फ वितळून तीन छोटी तळी झाली होती.

"बरं, दुसरीकडून विचारते. इथे मला एका हातच्या खुणा दिसत नाहीत. हिरव्या कुणाच्या?"

"माझ्या असतील कदाचित," डॅरिल म्हणाला. "म्हणजे, तिला हव्या होत्या म्हणून."

"मला? मला वाटलं तुम्हाला हव्यात!" ब्रिता म्हणाली.

"मला कशाला? मी भौतिकशास्त्रात दोनदा नापास झालोय!"

"आणि इंग्रजी तरी तुझं ना गं?" जोलीननं घाबरत विचारलं.

"आई, ते तू केलंस!"

"हो, पण तुला आवडावं म्हणून!"

मिसेस पॅलुचींनी डोळे मिटून घेतले. मग खणातून एक खोडरबर आणि पांढऱ्या शाईची बाटली काढली. "ब्रिताची सही अजून व्हायची आहे, तोवर ज्यानं त्यानं आपापलं पुसा," त्या म्हणाल्या. नवराबायको मान खाली घालून पुसायला लागले. डॅरिलचा एक थेंब इतिहासावर पडला, त्याबद्दल त्यानं तीनदा माफी मागितली.

"आता हे शेवटचं, मानसशास्त्र. हे कुणाचं?"

जोलीननं डॅरिलकडे पाहिलं, डॅरिलनं ब्रिताकडे. ब्रितानं फॉर्म ओढून घेतला आणि तिचा चेहरा उतरला. खूण जाड आणि चपटी होती, सुतारकामाच्या पेन्सिलीची. चाळीस वर्षं लोकांच्या बोटींचे धक्के बांधणारा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता, आणि त्याच्या खिशात ती पेन्सिल चर्चमध्येसुद्धा असायची.

"ही मी पुसून आणते," ती म्हणाली. "मला आत्ता सातवा तास मोकळा आहे."

"आण. पण तिथे काहीतरी लिहून आण. नुसती मोकळी जागा मी ऑफिसात देऊ शकत नाही."

आजोबांनी दार उघडलं, पण आज कॉफीचा वास नव्हता.

"इकडून चालले होते," ब्रिता म्हणाली.

"बरं झालं भेटलीस. सांगणारच होतो. पुढच्या वर्षीपासून दुपारी मला जमायचं नाही बघ. खाली बायकांचं गोधड्या शिवायचं मंडळ आहे, त्या फार मागे लागल्यात."

"तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही, आजोबा."

"शिकतोय."

ब्रितानं फॉर्म टेबलावर ठेवला. आजोबांनी तो पाहिला आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"मी नकोशी झालेय का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"अगं, काय बोलतेस!" आजोबा इतक्या जोरात म्हणाले की दोघंही दचकली. मग हळू आवाजात म्हणाले, "मी आपला समजत होतो, तू खरंच जाता जाता येतेस. फ्रिजवर पाहिलं, बाकी सगळं भरलेलं आणि हा एकच तास रिकामा. म्हटलं, म्हाताऱ्यापायी पोर एक विषय सोडतेय. तुझी आजी असती तर मला झोडपलं असतं."

"तुमच्यापायी नाही, आजोबा. माझ्यासाठीच ठेवलाय. दिवसभर कुणी ना कुणी मला मार्क देत असतं. इथे कुणी देत नाही. मला इथे यायला आवडतं. तुम्ही आवडता मला."

ओस्टबींच्या घराण्यात असं वाक्य उघडपणे बोललं जाण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. आजोबांनी नाक शिंकरायला बराच वेळ घेतला. मग त्यांनी खोडरबर घेतलं आणि ती जाड खूण कागद विरेपर्यंत घासली.

"इथे काहीतरी लिहायचंय," ब्रिता म्हणाली. "मोकळं चालत नाही."

आजोबांनी पेन्सिल काढून सावकाश लिहिलं: 'क्रिबेज. कॉलेजच्या तोडीचं. विद्यार्थिनी हुशार आहे, पण बेरीज पंधरा होणाऱ्या पत्त्यांच्या जोड्या मोजायला विसरते.'

ब्रितानं खाली सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. "आता तुमची. शिकवणाऱ्याची."

आजोबांनी ठळक ओळ वाचली. पेन्सिल हातातच राहिली. "वर्षभर मध्येच सोडता येणार नाही, असं लिहिलंय."

"हो."

"मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे गं."

"नियम सगळ्यांना सारखाच आहे."

आजोबा पेन्सिल खिशात ठेवून उठले आणि आजीच्या शिवणाच्या डब्यात खुडबुड करायला लागले.

"काय शोधताय?"

"पेन," आजोबा म्हणाले. "पेन्सिलीची सही पुसली जाते."

आजीचं निळं पेन सापडलं. आजोबांनी पूर्ण नावानं सही केली, वर शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, आणि पत्ते पिसायला घेतले.