शेडकार्ड आणि कढीपत्ता

बंगळूरला राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, राजाजीनगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, सत्तरीच्या एका गृहस्थांनी खिशातून रंगांची लांबट पट्टी काढून माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "सकाळी लघवीला कुठला रंग होता? नंबर सांगा बघू."

लिफ्टमध्ये आणखी तिघं होते. तिघंही एकदम मजल्यांची बटणं वाचायला लागले. मी पुण्याची आहे. अनोळखी माणसाला दोन शब्दांत गप्प करणं मला जमतं. पण त्या दिवशी माझ्या तोंडून "चार" असं निघून गेलं.

"पाणी कमी पडालंय," ते म्हणाले. "स्वल्प जास्त प्या. दोनवर आलं की सरी, मग काळजी न्हाई."

हे आमच्या समोरच्या दारातले शिप्पूरकर अण्णा. मूळचे निपाणीकडचे. यशवंतपूरला तीस वर्षं त्यांचं रंगाचं दुकान होतं. दुकान बंद केल्यावर उरलेल्या शेडकार्डांतले पिवळे रंग कापून, फिक्या सायीपासून पार विटेपर्यंत सात तुकडे एकाखाली एक चिकटवून, वर प्लास्टिक चढवून त्यांनी हे हत्यार तयार केलं होतं. त्यांच्या बायकोच्या, सुमनअक्कांच्या, दोन्ही किडन्या चार वर्षांपूर्वी निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा अण्णा त्यांना ऑटोने डायलिसिसला नेतात. त्यामुळे अण्णांवर फार वेळ कुणी रागवत नाही. मी मात्र पुष्कळ दिवस रागावून पाहिलं.

बिल्डिंगच्या गणपतीत जेवणं होती, तेव्हा लोणच्याची बरणी आणि पापडांची परात अण्णा स्वतःच्या मांडीशी घेऊन बसले. मागेल त्याला आधी ब्लडप्रेशर विचारायचे. ज्याला ते माहीत नाही त्याला पापड नाही. वॉचमनचं तर ते दर सोमवारी स्वतःच्या मशीनवर मोजतात आणि त्याच्या रजिस्टरमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या शेजारी, लिहून ठेवतात. माझ्या नवऱ्याने, निखिलने, किडनी साफ करणारा म्हणून कसला तरी हिरवा ज्यूस मागवला होता. अण्णांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "किडनी काय तपेलं हाय, घासून धुवायला? तीच धुती की हो आपल्याला," म्हणाले आणि ज्यूस आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतून मोकळे झाले. कढीपत्ता मात्र त्यानंतर फोफावला, हे मला कबूल केलं पाहिजे.

एकदा डोकं दुखत होतं म्हणून मी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. डॉक्टरांनी दिल्या का, असं अण्णांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "अक्का पण मनानंच खायाची, गुडघ्यासाठी," एवढंच बोलून ते पाकीट घेऊन गेले. त्या दिवशी मला त्यांच्याशी भांडता आलं नाही.

हे सगळं चाललं असतं. पण अण्णा रोज सकाळी अकरा आणि दुपारी चार वाजता आमच्याकडे पाणी प्यायला येत, ते मला खपत नव्हतं. मी घरून काम करते आणि नेमकी त्याच वेळी माझी मीटिंग असते. बेल वाजायची. दारात अण्णा. "अक्काला कढीपत्ता पायजे." मी बाल्कनीतून काड्या तोडून आणेपर्यंत ते सोफ्यावर बसून आमच्या टेबलावरच्या जगमधलं पाणी पीत असायचे, चांगले तीन ग्लास. मीटिंगमध्ये माझ्या पाठीमागे एक म्हातारा रोज पाणी पितो, हे हैदराबादपर्यंत माहीत झालं होतं. त्यांना पाहून टीममधलेही आपापल्या बाटल्या उचलायचे. निखिल म्हणायचा, त्यांचा फिल्टर बिघडला असणार. माझ्या मते ते मला प्रात्यक्षिक दाखवत होते. आणि दोन माणसांच्या घरात दिवसातून दोनदा कढीपत्ता लागतो कशाला, हे मला कळत नव्हतं.

यंदाचा अख्खा मे महिना आम्ही पुण्यात होतो. परत आलो तर वॉचमनने हसू दाबत बातमी दिली. अण्णांना मुतखडा झाला, दोन दिवस दवाखान्यात काढून आले. पाणी कमी पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

मी खुशीतच समाचाराला गेले, खोटं कशाला बोलू. अण्णा पलंगावर पडले होते. शेडकार्ड उशाशीच होतं. मी ते उचलून पुढे धरलं आणि नंबर विचारला. अण्णांनी सातव्या तुकड्यावर बोट ठेवलं.

चहा घ्यायला म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर दोन सारख्याच काचेच्या बाटल्या होत्या आणि दोन्हींच्या पोटावर तांबड्या ऑइलपेंटची रेघ ओढलेली होती. माझं बघणं अक्कांच्या लक्षात आलं आणि त्या सांगायला लागल्या.

डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजूनच प्यावं लागतं, कारण प्यालेलं बाहेर टाकायला किडनी नसते. अक्कांना दिवसभरात रेघेपर्यंतचंच पाणी. पहिल्या उन्हाळ्यात त्या तहानेने रडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अण्णांनी तसलीच दुसरी बाटली आणली, तिच्यावरही रेघ ओढली आणि मलाही एवढंच पुरतं म्हणाले. तेव्हापासून घरात त्यांनी त्या रेघेबाहेर एक घोट घेतलेला नाही. अक्कांना एकटं सोडून लांब जायचं नाही, म्हणून पाणी प्यायला आमचं समोरचं दार.

"तुमी पुण्याला गेलासा आणि ह्यांचं पाणी तुटलं," अक्का हळूच म्हणाल्या. "मला ठावं हाय, हे त्यांना सांगू नका. कळलं तर तुमच्याकडं पण प्यायचे न्हाईत."

"मग तो कढीपत्ता?" मी विचारलं.

त्यांनी फ्रिजचा खालचा कप्पा उघडून दाखवला. तो कढीपत्त्याने गच्च भरला होता. मला माझ्या सगळ्या वैतागाची लाज वाटली.

आठ दिवसांनी अकरा वाजता बेल वाजली. मी मीटिंगमधून उठून दार उघडलं. अण्णा जरा वाळले होते.

"अक्काला कढीपत्ता पायजे," ते म्हणाले. मग सवयीने, "तुमचा नंबर किती?"

"दोन," मी म्हटलं. खरं तर तीन होता.

पाण्याने भरलेला जग मी त्यांच्या हाताशी ठेवला. मग बाल्कनीत गेले आणि कढीपत्त्याच्या चार काड्या तोडायला चांगली पंधरा मिनिटं लावली.