एका घराला एक पाकीट

निवडणूक आपल्या खिशात आहे, हे गोळीभाऊ दाढी करताना आरशालाही सांगत. वर्षानुवर्षं औषधांचं दुकान चालवून त्यांनी अख्खा वॉर्ड त्याच्या खोकल्यासकट ओळखला होता. अडचण एकच होती. त्यांच्या पक्षात संततिनियमनावरून दोन तट पडले होते. अर्धे म्हणत, सरकारी दवाखान्यांत साधनं फुकट वाटा. उरलेले म्हणत, नुसतं नाव काढलंत तरी आम्ही घरी बसू. अध्यक्षांनी हुकूम सोडला, मतदान होईपर्यंत या विषयावर कुणी तोंड उघडायचं नाही.

"तोंड कसलं, मी दुकानात पुरावासुद्धा ठेवत नाही," गोळीभाऊ म्हणाले. विरोधक फोटो काढतील या धास्तीनं त्यांनी कंडोमची सगळी पाकिटं औषधांच्या खोक्यांत भरली आणि प्रचार कार्यालयात नेऊन टाकली. पक्षाचे बिल्लेही नेमके तसल्याच खोक्यांत होते.

प्रचाराची सूत्रं मेहुण्याकडे. हा माणूस उत्साहानं कायम फसफसलेला. सकाळी बिल्ले वाटायला म्हणून त्यानं पहिलं खोकं उघडलं आणि त्याचे डोळेच चमकले.

"शेवटी भाऊजींनी हिंमत केली तर! चला रे, एका घराला एक पाकीट. सोबत पत्रक."

पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं होतं : मागच्या वेळची चूक पुन्हा नको.

दुपारपर्यंत वॉर्ड पेटला. चार मुलांच्या बापानं ते पत्रक गोळीभाऊंच्या टेबलावर आपटलं. "यातली चूक कोणती म्हणता? थोरला की धाकटी?" त्याच्यामागून दोन आजीबाई आल्या. "आम्हाला आता हे कशाला, बाबा?" एक नवी सून मात्र खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "आमच्या घरची मतं तुम्हालाच, भाऊ. अजून एक मिळेल का?"

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन. "अर्धा पक्ष माझ्या दारात बसलाय. आत्ताच्या आत्ता निस्तरा."

गोळीभाऊंनी फोन ठेवला. त्यांनी मेहुण्याला पिटाळलं. "सगळी परत आण. एकही पाकीट बाहेर राहता कामा नये."

"घरोघरी जाऊन?"

"वाटलीस कशी? तसाच जा."

मेहुणा तितक्याच उत्साहानं निघाला. ज्या घरांत सुनेनं पाकीट गुपचूप ठेवून घेतलं होतं, तिथं त्यानं ते दारातून मोठ्यानं, सासूसमोर परत मागितलं. एक बाई तर कडाडली, "दिलेलं काढून घेता, आणि मतं मागता?" एका शिक्षकांनी खाली मान घालून सांगितलं, "एक वापरलं गेलं." मेहुण्यानं त्यांची पाठ थोपटली.

निकाल लागला. गोळीभाऊ सपाटून आपटले. पाकिटं वाटली म्हणून एका तटानं पाठ फिरवली, परत घेतली म्हणून दुसऱ्यानं.

संध्याकाळी घरी येऊन ते खुर्चीत कोसळले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, निदान तू तरी मला मत दिलंस ना?"

"देणारच होते," ती वर न बघता म्हणाली. "पण पाकीट मागायला तो आपल्याकडेही आला होता. सख्ख्या भावासमोर कपाट उघडावं लागलं मला."