व्यंकोजीअण्णांची सातवी गाठ

व्यंकोजीअण्णा घराला कुलूप लावत, चार पावलं जात, परत येऊन ते ओढून बघत, मग शेजारणीला ओढायला लावत आणि त्यानंतर दिवसभर शेजारणीवरच संशय घेत.

कन्नड मुलखात, बसवनगुडीतल्या आमच्या उदबत्तीच्या कारखान्यातून माल रवाना करणं हे त्यांचं काम. मी त्यांच्या हाताखाली. प्रत्येक खोक्याला सुतळीच्या सात गाठी, त्यातली सातवी उलटी. ती सोडवायला पुण्याचा दुकानदार म्हणे सुतार बोलावत असे! कुणी काहीही सांगो, अण्णांचा सवाल एकच : "डोळ्यांनी बघितलास?" सूर्य उगवला म्हटलं तरी हेच.

साठ सालच्या सुमारास मालकांनी ठरवलं, पुण्याचा माल आता लॉरीने नाही, रेल्वेने धाडायचा. लॉरीत खोकी भिजत, घाटात चाकं निखळत. अण्णा खवळले.

"लॉरीला मुनियप्पा ड्रायव्हर आहे. मालगाडीला कोण? दार लावलं, शिक्का मारला, सरी, झालं! आत माल आहे की हवा, कोण बघणार?"

मालधक्क्यावर त्यांनी वाघिणीचा पत्रा ठोकून पाहिला, हुंगून पाहिला. गार्डला आजोबांचं गाव विचारलं. गार्डचं हिरवं निशाणसुद्धा उलटं करून पाहिलं, मागून लाल तर नाही ना!

आता मालकांनाच संशय आला. "लॉरीचा एवढा पुळका? ड्रायव्हरशी साटंलोटं असणार. तू छडा लाव."

मी लॉरीतळावर मुनियप्पाला गाठलं. तो कन्नडात खो खो हसला. साटंलोटं होतं! दर खेपेला अण्णा त्याच्याकडे चटणीपुडीचा डबा देत. अण्णांची एकुलती एक लेक, सुंदराक्का, पुण्यात दिलेली. मुनियप्पा डबा पोचवी, घटकाभर ओट्यावर टेकून तिला बघून येई आणि अण्णांना सांगे.

मी अण्णांना विचारलं, "अक्काचं पत्र येतं की दर महिन्याला?"

"सासू वाचते, मग पाकिटात घालते. पत्रात सगळ्याच लेकी सुखी असतात रे."

मी मालकांकडे जाऊन सांगितलं, साटंलोटं काही नाही. पण रेल्वेची पहिलीच खेप, पुण्याला उतरताना गाठी मोजायला आपला माणूस हवा. मालकांना पटलं, त्यांनी मलाच धाडलं. निघताना अण्णांनी माझ्या हाती डबा दिला. वर सात गाठी.

आठ दिवसांनी परतलो. मालकांना म्हटलं, "सगळी खोकी शाबूत." अण्णांनी खोक्यांचं नावही काढलं नाही. मला कोपऱ्यात ओढलं.

"डबा?"

"दिला. अक्का बरी आहे. अंगाने भरलीय. सातवी गाठ बघून खुदकन हसली, म्हणाली, 'आमचे अप्पा सुधारायचे नाहीत.' आणि दातांनी सोडवली."

"डोळ्यांनी बघितलास?"

"हो, अण्णा."

ते सुतळीचं बंडल उगाचच गुंडाळत राहिले, सुटलं नव्हतं तरी. मग म्हणाले,

"सरी. जाऊ दे माल रेल्वेने. रेल्वे स्वल्प बरी दिसते. पण गाठी मोजायला दर खेपेला माणूस पाहिजे."